भाकरी नाही, मग खाता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "ज्वारीच्या मुलखात राहून भाकरी खात नाही, मग पोट कशानं भरतं?" हा प्रश्न सोलापुरात मला जेवायला बसले की हमखास येतो. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. मंगळवेढा म्हणजे मालदांडी ज्वारीचं कोठार, तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि 2023 मध्ये जगभर भरडधान्य वर्ष साजरं होत असताना मी ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ सगळंच बंद केलं. मुहूर्त तेवढा बघायचा राहिला.

कारण साधं आहे. साखर वाढली, डॉक्टरांनी पिष्टमय खाणं कमी करायला सांगितलं. कमी करण्यापेक्षा बंद करणं मला सोपं जातं, एवढंच. तुम्हाला फक्त ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, त्रास असेल तर भाकरी सोडू नका, ज्वारीत ग्लुटेन नसतं. आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. खाणं बदललं, गोळी तीच राहिली, तर साखर एकदम उतरू शकते.

भुकेचं म्हणाल तर ते सहज जमलं. अडलं ते कालवणाशी. आपल्याकडची आमटी, वांग्याचं कालवण, शेंगाची चटणी, सगळ्यांतलं तिखटमीठ भाकरीचा तुकडा धरूनच पडतं. तो तुकडा काढला की तीच आमटी घशाशी जळते. मटणाचा रस्साही तसाच. त्यात कडक भाकरी चुरून खायची सवय, ती नसली की रस्सा वाटीनं प्यायचा, आणि एवढा तर्रीचा रस्सा कोण पिणार? म्हणून माझ्या वाटणीचं कालवण मी आधी बाजूला काढते, तिखट नंतर घालते. चटणी दह्यात कालवते आणि काकडीबरोबर खाते. मेथीची जी जुडी चौघांना तोंडी लावायला पुरायची, ती आता माझी एकटीची. मंडईतली पिशवी जड झाली, भाजी निवडण्यात संध्याकाळ जाते. खर्चाचं आणि कष्टाचं हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना भुकेचीच काळजी.

डाळी मी सोडल्या नाहीत. काही जण त्याही सोडतात, मला ते झेपणार नाही. सकाळी हिरव्या मुगाचं धिरडं असतं. शेजारच्या तेलुगू काकू पेसरट्टू करतात, त्यांच्याकडून शिकले. त्या मूग भिजवताना मूठभर तांदूळ टाकतात, मी नाही टाकत. धिरडं थोडं मऊ पडतं, चव तीच. रात्री हुलग्याचं माडगं नाहीतर घट्ट पिठलं, वर कच्चा कांदा. शेंगदाणे तर घरात असतातच. 100 ग्रॅममध्ये साधारण 25 ग्रॅम प्रथिनं, पण तेलही भरपूर, तेव्हा मूठ आवरती ठेवायची.

बाहेर जेवायला गेलं की पहिला प्रश्न, "आज कसला उपवास?" आणि लगेच भगर पुढे येते. भगर उपवासाला चालते, पण ती वरी, म्हणजे धान्यच. राजगिरा आणि शिंगाडा धान्यात मोडत नाहीत, ते मला चालतात. साबुदाणाही धान्य नव्हे, पण नुसता पिष्ट, साखरेवाल्यानं दुरूनच बघावा. नणंदेकडे अजूनही "चतकोर तरी घे गं" होतं. आत्याबाई मात्र पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "नको खाऊ, पण आमच्या थापायला विसरू नको." त्यांच्या भाकरी मी रोज थापतेच. तव्यावर भाकरी फुगली की अजून बघत राहावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू.

धान्य लपून येतं ते मसाल्यातून. येसरात गहू भाजून घालतात, डबीतल्या बांधानी हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ असतं. माझं कारण साखरेचं, त्यामुळे चिमूटभर हिंगानं माझं काही बिघडत नाही. ज्याला सीलिअॅकचा, म्हणजे ग्लुटेन अजिबात न सोसण्याचा, आजार आहे, त्यानं मात्र डबीवरची बारीक अक्षरं वाचूनच हिंग घ्यावा.

हुरड्याचं विचाराल. पौषात शेतावर बोलावणं आलं की जाते. गरम हुरडा, शेंगाची चटणी, दही. तेवढ्यापुरती ज्वारी चालते, आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही.