आठ अधिक आठ: पेन्शनची वर्षं जोडताना

पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. माझ्याकडं दोन नोकऱ्या होत्या आणि दोन्ही आठ-आठ वर्षांच्या. पहिली २००६ ते २०१४, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या एका लहान प्रेस शॉपमध्ये. दुसरी २०१५ ते २०२३, तिथंच, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. दोन्हीकडं दर महिन्याला पीएफ कापला गेला, दोन्हीकडं मालकाच्या वाट्यातून पेन्शनचे पैसे भरले गेले. तरी ही दोन खाती जोडली जात नाहीत तोवर कागदावर मी आठ वर्षं काम केलेला माणूस होतो. ती जोडायला काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून आलेले, चार-सहा वर्षांनी गेट बदलणारे. त्यांना हे कुणी समजावून सांगत नाही.

आधी नोकरी कशी गेली ते. २०२३ च्या उन्हाळ्यात आमची लाईन बंद झाली. आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, मग मशिनी झाकल्या. एक दिवस एकेकाला आत बोलावलं आणि टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला. "काका, सही करा, हिशोब लगेच निघेल." बरेच जण सही करून बाहेर आले. घरी शाळेची फी, रूमचं भाडं, गावाकडं खत-बियाण्याची उधारी असताना "लगेच" हा शब्द ऐकून सही करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण आमच्यातला एक जुना युनियनवाला गेटवरच थांबून होता. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, "राजीनामा लिहून दिला तर तुम्ही स्वतःहून गेलात. कामावरून कमी करायचं तर त्यांनी करावं."

फरक मोठा होता. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, शंभरापेक्षा कमी कामगारांच्या आमच्यासारख्या कारखान्यात, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कलम २५-फ प्रमाणं एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागायचा. राजीनाम्यात यातलं काहीच नाही. ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. ती राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरलेली असली म्हणजे झालं. माझं बेसिक आणि डीए मिळून १६,९००. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं: ७८,००० रुपये. आम्ही सही न केलेले कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात गेलो, तारखा पडल्या, शेवटी भरपाई मिळाली. ते प्रकरण तिथं संपलं.

बावन्नाव्या वर्षी काम शोधणं म्हणजे काय, ते शोधणाऱ्यालाच कळतं. कन्सल्टन्सीवाले फोनवर पहिलं वय विचारतात आणि मग "कळवतो" म्हणतात. गेटवर आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून रांगेत उभी. त्यांच्याशी माझी काही तक्रार नाही, त्यांनाही पर्मनंट कुणी करत नाही. पॉवर प्रेसवर डाय सेट करायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नवा माणूस बोल्टच शोधत बसतो. पण हे बायोडाटात लिहायला जागा नसते. शेवटी एका एजन्सीमार्फत गोदामावर सिक्युरिटीचं काम मिळालं, बारा तासांचं. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा वर.

तेव्हाच पेन्शनकडं नीट बघितलं. मालक बेसिक-डीएच्या १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले पीएफमध्ये. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. म्हणून माझ्या दुसऱ्या नोकरीत शेवटची वर्षं महिन्याला १,२५० रुपये पेन्शनला जात होते. पेन्शन काढायचं सूत्र सोपं आहे: पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, आणि तीही २०१४ आधीच्या वर्षांना ६,५०० च्या, नंतरच्या वर्षांना १५,००० च्या मर्यादेत. माझ्या पहिल्या आठ वर्षांचे ७४३ च्या आसपास आणि दुसऱ्या आठ वर्षांचे १,७१४. दोन्ही मिळून महिन्याला साधारण २,४५० रुपये, वयाच्या ५८ व्या वर्षापासून मरेपर्यंत. मी गेलो तर बायकोला त्यातलं निम्मं. रक्कम लहान आहे हे मलाही दिसतं. पण ज्याच्या नावावर दीड एकर कोरडवाहू आहे त्याच्यासाठी महिन्याच्या महिन्याला बँकेत येणारे अडीच हजार म्हणजे किराणा आणि गोळ्या-औषधं. आणि खाती जोडली नाहीत तर यातलं काहीच नाही. ५८ ला दहाच्या खाली असलेल्याला फक्त एकरकमी पैसे परत मिळतात आणि वर्षं पुसली जातात.

पहिली नोकरी सुटली तेव्हा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच नंबर, नव्हता, तो २०१४ च्या ऑक्टोबरपासून आला. त्यामुळं जुनं खातं कशालाच जोडलेलं नव्हतं. प्रेस शॉप बंद पडून गेलेलं. माझ्याकडं होती एक पीएफची वार्षिक स्लिप आणि काही पगाराच्या चिठ्ठ्या, बायकोनं पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या फोटोंखाली ठेवलेल्या. त्या स्लिपवर नाव होतं "ज्ञानोबा". आधारवर, बँकेत, दुसऱ्या कंपनीत मी ज्ञानेश्वर. गावात मला ज्ञानोबाच म्हणतात, कामाला लावून देणारा पाहुणाही तेच म्हणायचा, आणि टाइम ऑफिसातल्या माणसानं ऐकलं तसं लिहिलं. जन्मतारीख तर त्यानं विचारलीच नव्हती. पीएफच्या नोंदीत १ जानेवारी १९६८ निघाली. माझी आधारवरची आणि दाखल्यावरची तारीख १ जून १९७१.

१ जून हीसुद्धा मास्तरांनी दिलेली. माय सांगते, मी बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या आसपास झालो. आमच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनचीच आहेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, सहा वर्षं पूर्ण भरावी लागायची, मास्तर तारीख बसवून टाकायचे. मराठवाड्यातल्या कुठल्याही कंपनीच्या हजेरीपटावर बघा, १ जूनला वाढदिवस असलेले किती सापडतात. असो. पीएफसाठी ती तारीख खरी, कारण ती कागदावर आहे.

नाव आणि तारीख जुळत नाही तोवर खातं जोडता येत नाही. दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लेरेशन नावाचा अर्ज असतो. कामगार आणि मालक दोघांनी मिळून सही करायचा, म्हणून जॉइंट. मी आधार जोडून अर्ज केला तो परत आला. जानेवारी २०२४ पासून जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. जन्माचा दाखला, बोर्डाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला असा पुरावा लागतो. बोर्डापर्यंत मी पोचलोच नव्हतो, सातवीनंतर शाळा सुटली. दाखल्याची मूळ प्रत घराच्या गळक्या छपराखाली कधीच गेली होती.

म्हणून गावी गेलो, गेवराई तालुक्यात. शहागडला गोदावरी ओलांडली की आपल्याकडची हवा लागते, पण त्या दिवशी मन त्यात नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आता मुख्याध्यापक बाई आहेत. मी म्हणालो, "बाई, सत्त्याहत्तर साली नाव घातलंय माझं. रजिस्टर असंल का?" त्यांनी शिपायाला हाक मारली, दोघांनी मिळून लाकडी कपाटातली बाडं खाली काढली. पानांना वाळवी लागलेली होती, पण माझं पान शाबूत. नाव ज्ञानेश्वर, वडिलांचं नाव, धर्म-जात, १ जून १९७१ आकड्यात आणि अक्षरात. बाईंनी दाखल्याची दुसरी प्रत आणि प्रवेश-निर्गम उतारा दोन्ही दिले, शिक्के नीट उमटलेत का ते उजेडात धरून बघितलं. "काका, हे लॅमिनेशन करू नका, शिक्का ओला आहे," म्हणाल्या. त्या रजिस्टरला वाळवीपासून वाचवणारी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्याची सोळा वर्षं वाचतात, हे मला त्या शाळेत पहिल्यांदा जाणवलं. जिल्हा परिषदेच्या शाळांतली ही जुनी रजिस्टरं स्कॅन करून ठेवायला हवीत. कुणाचा पीएफ, कुणाचं जात प्रमाणपत्र, कुणाची जमीन त्यावर अडकलेली असते.

राहिली मालकाची सही. कंपनीच नाही तर सही कुणाची? याचं उत्तर मला सीएससी सेंटरवाल्याकडं मिळालं नाही, एजंटकडं तर नाहीच. त्यानं सरळ टक्केवारी मागितली. उत्तर मिळालं ते "निधी आपके निकट" च्या शिबिरात. हे शिबिर पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्या-जिल्ह्यात घेतात. तिथल्या साहेबांनी सांगितलं, आस्थापना बंद असेल तर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, बँक मॅनेजर, मान्यताप्राप्त शाळेचे मुख्याध्यापक अशांची साक्षांकित सही चालते. म्हणजे ज्या बाईंनी उतारा दिला त्याच सहीही देऊ शकत होत्या. पुन्हा गावी गेलो. सोबत जुन्या पगारचिठ्ठ्या, वार्षिक स्लिप आणि "ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र जोडलं.

यात सगळ्यात महाग काय पडलं तर सुट्टी. सिक्युरिटीत खाडा म्हणजे पगार नाही, आणि सगळी कार्यालयं आपल्या ड्युटीच्याच वेळात उघडी. रात्रपाळी करून सकाळी तसंच रांगेत उभं राहायचं, दुपारी रूमवर येऊन दोन तास पडायचं, पुन्हा ड्युटीला. पगारातून पैसे कापताना कुणी माझी ओळख विचारली नव्हती, आठ वर्षं "ज्ञानोबा" च्या नावानं बिनबोभाट कापले. ते माझेच आहेत हे सिद्ध करायची वेळ आली तेव्हा सगळा भार माझ्यावर. याचा मला राग आहे आणि तो जायचा नाही. नाव-तारीख लिहिण्याची जबाबदारी ज्याची होती, तो कारखान्याला कुलूप लावून मोकळा झाला.

दुरुस्ती मंजूर झाली, जुना नंबर यूएएनला जोडला गेला, मग ट्रान्स्फरचा फॉर्म १३ भरला. पैसे पासबुकात आले त्या दिवशी बघितलं तर पेन्शनच्या रकान्यात शून्य. पोटात गोळा आला. नंतर कळलं की ते बरोबरच आहे. ट्रान्स्फरमध्ये पीएफची रक्कम हलते, पेन्शनचा पैसा सामायिक फंडातच राहतो, हलतो तो नोकरीचा काळ. तो अॅनेक्शर के नावाच्या कागदात येतो. तो कागद मागून घ्या आणि रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख स्वतः वाचून बघा. माझ्यात दोन्ही तारखा बरोबर आल्या. सर्व्हिस हिस्टरीत आता दोन्ही नोकऱ्या एकाखाली एक दिसतात.

माझ्या प्रेस शॉपमधल्या सोबत्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१४ ला कंपनी बंद झाल्यावर त्यांनी फॉर्म १९ आणि १०-सी भरून पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून घेतलं. दुष्काळाची वर्षं होती, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची बोअर आटलेली. माझ्यावर तेव्हा तशी वेळ आली नाही, एवढाच फरक. पण १०-सी नं पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षं कायमची जातात, त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि वर्षं राखून ठेवता येतात, हे त्यांना एकाही माणसानं सांगितलं नाही. पीएफ काढायचा तर काढा, पेन्शनला हात लावू नका, एवढं वाक्य त्या वेळी गेटवर कुणी बोललं असतं तर आज त्यांच्यातले काही जण माझ्यासारखे दहाच्या पुढं असते.

पन्नाशी पूर्ण झाल्यावर पेन्शन आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षाला ४ टक्के कात्री लागते आणि ती पुढं कधीच भरून येत नाही. मी थांबायचं ठरवलंय. जून २०२९ ला फॉर्म १०-डी भरीन. तोवर सिक्युरिटीच्या नोकरीतली वर्षंही यातच धरली जातील, कारण रुजू होताना मी एजन्सीला नवा नंबर काढू दिला नाही, जुनाच यूएएन लिहून दिला. ई-नॉमिनेशनमध्ये, म्हणजे वारसाच्या ऑनलाइन नोंदीत, बायकोचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच टाकलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मागच्या महिन्याच्या पगारचिठ्ठीत पीएफची कपात आहे. एजन्सीनं ती या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायला हवी होती, पासबुकात अजून दिसत नाही. सोमवारी सुपरवायझरला चलन दाखवायला सांगणार आहे.