मुखडा कुणालाही जमतो! आमच्या स्टुडिओची वाटचाल

नाशिकच्या सिडकोत आमचा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आधी धंदा साउंड भाड्याने द्यायचा, गणपती, हळदी, जयंत्या सगळीकडे आपले बॉक्स जायचे, त्यामुळे कुठलं गाणं लागलं की पब्लिक उठतं आणि कुठलं लागलं की पाणी प्यायला जातं हे कानाला आपोआप कळत गेलं. मग गोडाऊनच्या मागच्या खोलीत फोम मारला, एक बरा माइक आणि कॉम्प्युटर घेतला आणि गाणी करून द्यायला लागलो. नवरदेवाच्या एन्ट्रीचं, भाऊंच्या वाढदिवसाचं, आणि निवडणूक लागली की मग तर विचारूच नका. पोट त्याच्यावरच चालतं, अजूनही.

पण खरी मजा आली ती सटाणा, कळवण, मालेगावकडची अहिराणी गाणी करणारी पोरं यायला लागली तेव्हा. गंगापूर रोडवरची जाणकार मंडळी याला "डीजेची गाणी" म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. झिंगाट 2016 साली आलं, अख्खा महाराष्ट्र नाचला, त्याची चालही अजय-अतुलची आणि शब्दही त्यांचेच, आणि ते शब्द ठोक्यावर कसे बसवलेत ते एकदा टेबलावर ताल धरून म्हणून बघा. तिकडे स्वीडनचा पॉप गाणी लिहिणारा मॅक्स मार्टिन, 1998 च्या ब्रिटनी स्पीअर्सच्या पहिल्या हिटमागे तोच आणि 2019 च्या ब्लाइंडिंग लाइट्स या गाण्याच्या लेखकांमध्ये पण तोच. आणि एवढं लांब तरी कशाला, लोकशाहीर वामनदादा कर्डक आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यांची गाणी वस्तीवस्तीत तोंडपाठ आहेत. जे गर्दीत चालतं ते हलकंच असणार हे कुणी ठरवलं देव जाणे.

आता यातला खरा लिहिणारा ओळखायचा कसा? मी बीट बंद करतो. एसी पण बंद, तसाही माइकमध्ये त्याचा घूं येतो. मग सांगतो, मांडीवर ताल धर आणि गा. बहुतेकांचा मुखडा झकास असतो कारण हुक लाइन ऐकून ऐकून कुणालाही जमते, पण अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात, गडबड होते, तिथे तीच पोरी, तेच काजळ, तीच बुलेट, आणि अक्षरं जास्त झाली की घाईघाईत कोंबायची. अंतऱ्यात ज्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं तो आपला माणूस.

एक पोरगा आला होता, कांद्याची पिकअप चालवणारा. आवाज यथातथाच, ऑटोट्यून लावून पण फार फरक पडला नसता. केहरवा तालात नाचायचं गाणं, मुखडा ठीकठाक. आणि मग अंतरा:

"कांदा विकून केली चैन, भाव पडला अन् मोडली
सोनाराची पावती तेवढी खिशामधी ठेवली"

मी परत म्हणायला लावलं. कुठे रडारड नाही, "प्रेम" शब्द नाही, लग्नाची सोन्याची चैन मोडावी लागली, लासलगाव बाजारातल्या कांद्याच्या भावावर लग्न अडलंय एवढं सगळं दोन ओळीत आलं, आणि वर नाचता पण येतं! "मोडली" बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, पडतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. गाणं आम्ही दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलं, याला आधी जरा वाईट वाटलं पण मी म्हटलं अरे तू लिहिणारा आहेस, गायक शंभर मिळतील.

धंद्यात सगळ्यात किचकट भाग पैशाचा. आपल्याकडे पद्धत अशी की गीतकाराला हजार-दोन हजार हातावर टेकवायचे आणि यूट्यूबवर नाव गायकाचं, चॅनेलचं, जमलंच तर नाचणाऱ्या हिरोइनचं. पण कॉपीराइट कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली, त्यात गाणं विकलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. हे पोरांना माहीतच नसतं, आम्ही आता आधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांगतो आणि डिस्क्रिप्शनमध्ये पहिलं नाव गीतकाराचं टाकतो. यावरून दोनेक चॅनेलवाल्यांनी आमच्याकडे यायचं बंद केलं, ठीक आहे.

सध्या कळवणकडच्या एका ताईचं हळदीचं गाणं चालू आहे. नवरीच्या आईच्या तोंडचं आहे पण ठोका एकदम डीजेचा, दुसरा अंतरा तर भन्नाट. डमी म्हणजे कच्चा ट्रॅक झालाय, ढोलकी लाइव्ह घ्यायचीय. करार मराठीत द्या तरच सही करते म्हणाल्या, ते बरोबरच आहे, पण आमच्या वकिलांना वेळ मिळाला तर!