जंगलाचा पैसा जातो कुठे?

सातपुडा म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याच्या लोकांना तोरणमाळ, धबधबे अन् रील आठवतात. पण नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर हेच जंगल म्हणजे उन्हाळ्याचा पगार आहे भो. मार्च-एप्रिलला पहाटे उठून मोहाची फुलं वेचायची, मग चारोळी, डिंक, तेंदूपत्ता, आणि मे महिन्यात आमचूर.

आमचूरचं जरा सांगतो, कारण आपण ते चाटवर भुरभुरतो अन् विसरतो. गावठी झाडाची कैरी उतरवायची, सोलायची, फोडी करून कडक उन्हात वाळत घालायच्या, मध्येच अवकाळी आला की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडला. घरातल्या बाया हे सगळं करतात आणि बाजारात व्यापारी सांगेल तो भाव, कारण माल ठेवायला जागा नाही आणि खरिपाच्या बियाण्याला पैसा आत्ताच लागतो. पुढे तीच फोड कुठेतरी दळून पाकिटात भरली जाते, खरी कमाई तिथे!

बाहेरच्या देशांतही हेच रडगाणं. आफ्रिकेतल्या गॅबॉनने मात्र 2010 पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातली, म्हणाले लाकूड इथेच कापा, व्हेनीअर-प्लायवूड इथेच बनवा, आणि राजधानीजवळच्या न्कोकला त्यासाठी इंडस्ट्रियल झोनच काढला. मला हा हट्ट आवडला.

बरं, सरकारी हिशोबात जंगल नीट दिसत पण नाही. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) म्हणतं जगात सुमारे 240 कोटी लोक अजून लाकूड-कोळशावर स्वयंपाक करतात, पण डोक्यावरून आणलेल्या मोळीचं बिल कोण फाडतं? मग जीडीपीत वाटा किरकोळ दिसतो आणि बजेट पण किरकोळच मिळतं.

आपल्याकडे कायदा तसा वाईट नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर (मोह, डिंक, तेंदूपत्ता असा माल) जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली, बांबू पण त्यात आला. (1927 च्या वन कायद्यात मात्र बांबू म्हणजे झाड होतं, म्हणून तोडायला-न्यायला परवाना! जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ती कटकट 2017 ला मिटली.) पण हक्काचा कागद हातात आला तरी गोडाऊन लागतंच ना. धडगावलाच गिरणी अन् पॅकिंग टाकलं, आणि बचत गटाला माल चार महिने धरून ठेवायला उचल मिळाली, तर व्यापाऱ्याला "या भावात नाही देत" म्हणता येईल.