तहसीलचा मेल कुणाच्या फोनवर?

गेल्या आठवड्यापासून प्रभार यादी, म्हणजे टेबल सोडताना काय काय सोपवलं त्याची यादी, लिहायला घेतली आहे. मे अखेर मी निवृत्त होतेय. महसूल खात्यात १९९३ साली लिपिक-टंकलेखक म्हणून लागले, आज अव्वल कारकून आहे, आणि माझ्या जागी येणाऱ्याला टेबल नीट ताब्यात मिळावं एवढीच आता इच्छा आहे. कपाटाच्या किल्ल्या, गोल शिक्का, प्रलंबित नस्त्या (फायली), माहिती अधिकाराची नोंदवही, असं सगळं ओळीने लिहिलं. चौदाव्या ओळीत लिहिलं: कार्यालयाचा ई-मेल पत्ता, तो कोणत्या मोबाइल क्रमांकाला जोडलेला आहे तो क्रमांक, आणि पासवर्ड शेवटचा बदलल्याची तारीख.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा दोन वर्षांपूर्वी लागलाय. त्याने वाचून विचारलं, "ताई, हे कशाला प्रभार यादीत? मेल काय, कुणीही उघडतो की."

कुणीही उघडतो, हेच तर दुखणं आहे. त्याला थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहिते.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात नैसर्गिक आपत्तीचं टेबल सांभाळत होते. सोयाबीन काढणीला आलेलं, आणि वावरात गुडघाभर पाणी. पंचनामे झाले, शासनाने जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा दर जाहीर केला. मग आमचं खरं काम सुरू झालं. गावनिहाय याद्या एक्सेलमध्ये भरायच्या, नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, बँकेचा खाते क्रमांक, आणि बँकेला मेल करायच्या. खाते क्रमांकात एक आकडा चुकला की रक्कम परत येते. परत आलेल्या रकमांची यादी बँक आम्हाला मेलनेच पाठवायची.

त्या कार्यालयाला शासनाचा मेल होता. पण तो "लवकर उघडत नाही" म्हणून कुणीतरी कधीतरी खाजगी कंपनीचा फुकटातला मेल काढला होता आणि सगळा व्यवहार त्यावरच चालायचा. तो मेल कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटरच्या फोनला जोडलेला. डिसेंबरमध्ये त्याचं कंत्राट संपलं, तो पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. संगणकाने आठवड्याभरात पुन्हा पासवर्ड मागितला, मग ओटीपी मागितला, आणि ओटीपी जायचा त्याच्या फोनवर. त्याने नंबर बदलला होता. मुलगा वाईट नव्हता. जाताना त्याला कुणी विचारलंच नाही, त्यामुळे त्यानेही सांगितलं नाही.

जानेवारीत एक मावशी दर सोमवारी यायच्या. ७४ आर जमीन, नवरा गेलेला. खिडकीशी उभ्या राहून विचारायच्या, "बाई, माझं नाव आलंय का वो यादीत?" त्यांचं नाव यादीत होतं, मंजूरही होतं. रक्कम परत आली होती, आणि ती का परत आली हे ज्या मेलमध्ये लिहिलं होतं तो मेल आमच्यापैकी कुणालाच उघडता येत नव्हता. मी त्यांना चार सोमवार "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं. शेवटी रावसाहेबांच्या, म्हणजे तहसीलदारांच्या, सहीने बँकेला कागदी पत्र दिलं, यादी नव्याने मागवली, खाते क्रमांक दुरुस्त केला. पैसे मार्चमध्ये जमा झाले. त्या चार सोमवारांचं एसटीचं भाडं त्यांना कुणी दिलं नाही.

त्याच वर्षी माहिती अधिकारात एक अर्ज आला. बँकेशी झालेल्या सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती, ई-मेलसह. माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये 'माहिती' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात ई-मेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे नस्तीतल्या कागदाइतकाच मेलवरही नागरिकाचा हक्क. तीस दिवसांत उत्तर देणं भाग होतं. आम्ही "सदर अभिलेख आढळून येत नाही" असं कळवलं. मसुदा माझ्या हातचा होता. आजवर लिहिलेल्या मसुद्यांत तोच एक मला परत घ्यावासा वाटतो.

त्यानंतर मी नियम वाचायला बसले. आधी का वाचले नाहीत याचं उत्तर सोपं आहे, ते आमच्या टेबलापर्यंत कधी आलेच नव्हते.

केंद्र शासनाचं ई-मेल धोरण आणि माहिती तंत्रज्ञान साधनांच्या वापराचं धोरण, ही दोन्ही फेब्रुवारी २०१५ मध्ये राजपत्रात आली. आपल्याला वाटतं ते दिल्लीतल्या मंत्रालयांसाठी असेल. पण जी राज्यं केंद्राची मेलसेवा वापरतात त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही ई-मेल धोरण लागू आहे, म्हणजे एनआयसीचा (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा) मेल वापरणाऱ्या तहसीललाही. शासकीय पत्रव्यवहार शासनाच्याच मेलवरून करायचा. शासकीय मेल आपल्या खाजगी मेलवर पाठवून ठेवायचा नाही. पदनामाचा मेल असेल तर पदावरचा माणूस बदलताना तो पुढच्याच्या ताब्यात द्यायचा. पत्ता तहसीलदाराच्या खुर्चीचा असतो, त्यावर बसलेल्या माणसाचा नसतो, हे आमच्या खात्यातल्या माणसाला खरं तर वेगळं सांगावं लागू नये. आपण शिक्का घरी नेतो का?

या धोरणामागे एक न्यायालयीन लढाही होता. भाजपचे माजी सरचिटणीस के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. शासकीय अधिकारी जीमेलसारख्या सेवा वापरतात, त्यांचे सर्व्हर परदेशात, म्हणजे शासनाचे अभिलेख देशाबाहेर जातात, असा मुद्दा होता. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक अभिलेख देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या राज्याचाही वेगळा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. हे वाचलं तेव्हा मला आमचं अभिलेख कक्षातलं 'अ', 'ब', 'क', 'ड' आठवलं. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, हे शिपायालाही पाठ असतं. शंभर वर्षांपूर्वीची मोडीतली नोंद आम्ही काढून देतो, आणि मागच्या दिवाळीतला मेल सापडत नाही. कारण मेलला आम्ही कागद मानतच नाही. त्याला ना आवक क्रमांक, ना वर्ग.

जून २०२२ मध्ये केंद्राकडून शासकीय कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना आल्या. त्या कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून आलेल्या माणसांनाही लागू आहेत, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा, ४५ दिवसांत एकदा बदलायचा. शासकीय कागद गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सवर ठेवायचे नाहीत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारख्या साधनांनी परवानगीशिवाय संगणक बाहेरच्याच्या हाती द्यायचा नाही. कॅमस्कॅनरसारख्या ॲपवर शासकीय कागद स्कॅन करायचे नाहीत.

या शेवटच्या नियमापाशी थांबावं लागेल, कारण तो वाचून मंडळ अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेब हसले. कॅमस्कॅनरवर तर जून २०२० मध्येच इतर ५८ ॲपबरोबर बंदी आली होती. तरी फोनने स्कॅन करणं सुरूच राहिलं, ॲप फक्त बदललं. सज्जाच्या ठिकाणी, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, स्कॅनर नाही, असला तर वीज नाही, आणि सायंकाळी पाचच्या आत शंभर पंचनामे पाठवा असा निरोप. माणूस काय करणार? बांधावर उभं राहून फोन काढणार. मी त्यांची बाजू घेते. जो नियम पाळायला लागणारी वस्तूच दिलेली नाही, तो मोडल्याबद्दल खालच्या माणसाला कारणे दाखवा नोटीस देणं मला पटत नाही. आधी स्कॅनर द्या, चालणारं नेट द्या, मग जाब विचारा. पण त्याच तोंडाने हेही सांगते की त्या पंचनाम्यावर आधार क्रमांक असतो, खाते क्रमांक असतो, अंगठा असतो. मावशींचा अंगठा कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहावा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याला दिलेला नाही.

खाजगी वापराबद्दल मी तितकी कडक नाही. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी दुपारी एकला सगळं कार्यालय एका संगणकाभोवती गोळा होतं, त्याने शासन बुडत नाही. मात्र शासकीय मेल पत्त्यावरून खरेदीच्या साइटवर खातं काढू नये, विम्याच्या पावत्या मागवू नयेत. एका बदलून गेलेल्या साहेबांच्या गृहकर्जाच्या हप्त्याचे मेल नव्या साहेबांना वर्षभर दिसत होते. ते संकोचून मला विचारायचे, याचं काय करू. शिवाय कार्यालयाच्या नेटवर काय चालतं हे तपासण्याचा अधिकार शासनाला आहे, तेव्हा आपलं घरचं तिथे उघडं टाकू नये, हे आपल्याच भल्याचं.

२८ जुलै २०२५ चा राज्याचा समाजमाध्यमांचा शासन निर्णय आला तेव्हा पोरांनी "आता व्हॉट्सॲप बंद" अशी आवई उठवली. मी तो छापून भिंतीवर लावला. समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला त्यात मनाई नाही. शासकीय आणि वैयक्तिक खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, बदली झाल्यावर कार्यालयीन खातं रीतसर हस्तांतरित करा, असं त्यात आहे. ही हस्तांतरणाची गोष्ट २०२१ मध्ये आमच्याकडे कुणी बजावली असती तर! तसंच केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या सुरुवातीला कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं होतं. तो आदेश आमच्यासाठी नव्हे, पण सुनावणीचा निकाल मराठीत नीट करून घ्यायला एक मुलगा तो वादी-प्रतिवादींच्या नावांसकट चॅटजीपीटीसारख्या साधनात टाकत होता, त्याला मी समोर बसवून समजावलं. नावं नसती तरी निकाल सहीआधी बाहेर गेलाच ना.

माझ्या टेबलापुरतं मी एवढं केलंय. सकाळी मेल उघडायचा, कार्यवाहीचा प्रत्येक मेल बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) चढवायचा, आवक क्रमांक टाकून नस्तीला लावायचा. व्हॉट्सॲपवर "तातडीचे" म्हणून माहिती मागितली तर ती शासकीय मेलवरूनच द्यायची आणि व्हॉट्सॲपवर फक्त "मेल केला" एवढं लिहायचं. सुरुवातीला वरच्या कार्यालयातून फोन आले, मॅडम फार वेळ लावतात म्हणून. आता येत नाहीत.

एक काम राहिलं होतं. कार्यालयाचा मेल अजून माझ्याच फोनला जोडलेला होता. काल शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलाला घेऊन जिल्ह्याला गेले, एनआयसीच्या कार्यालयात क्रमांक बदलण्याचा अर्ज दिला. कार्यालयाच्या नावाने घेतलेल्या सिमचा क्रमांक त्यात घातला. पोच त्यानेच मागून घेतली, आणि परत आल्यावर न सांगता बारनिशीत चढवली.