तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन विशेषणांच्या शेपट्या

"मराठीलाही तीन लिंगं आहेत, मग जर्मनमध्ये आम्ही का अडखळतो?" जर्मन शिकणारे मराठी लोक हे सतत विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितो.

लिंग पाठच करावं लागतं. नामाआधी येणारं आर्टिकल पुल्लिंगाला 'डेर', स्त्रीलिंगाला 'डी', नपुंसकलिंगाला 'दास'. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्टने संपणारी नामं 'डी', -शेनने संपणारी 'दास'. जोडशब्दात शेवटच्या नामाचं लिंग. एवढी मदत पुरते. तुम्ही अडता ते विशेषणापाशी.

आइन आल्टर मान (एक म्हातारा), डेर आल्टे मान (तो म्हातारा), मिट डेम आल्टेन मान (त्या म्हाताऱ्याबरोबर). म्हातारा तोच, शेपट्या तीन. मग पुस्तक तीन तक्ते देतं (डेरसारख्या आर्टिकलनंतर, आइननंतर आणि आर्टिकलविना): चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन मिळून प्रत्येकी १६ घरं, एकूण ४८. परीक्षेतल्या रिकाम्या जागा त्यावर भरता येतात, हे मान्य. पण बोलताना ४८ घरं कोण शोधणार?

लिंग-विभक्तीची खूण नामाआधी एकदा दिसायला हवी, एवढंच धरा. डेर, डेम यांनी ती दिली की विशेषणाला -ए किंवा -एन पुरतं. १६ पैकी ५ घरांत -ए: तिन्ही लिंगांचं एकवचनी नॉमिनाटिव्ह (कर्त्याची विभक्ती) आणि डी, दास यांचं एकवचनी आकुझाटिव्ह (कर्माची विभक्ती). उरलेल्या ११ घरांत -एन. 'आइन' तीनच घरांत शेपटीविना उभा असतो: डेरचं नॉमिनाटिव्ह, दासचं नॉमिनाटिव्ह आणि आकुझाटिव्ह. तिथे खूण विशेषणावर येते: आइन आल्टर मान, आइन आल्टेस हाउस. आर्टिकलच नसेल, तर डेमचा 'म'सुद्धा विशेषणच घेतं: मिट काल्टेम वासर (थंड पाण्याने).

तरी सगळं सुटत नाही. आर्टिकल नसलेल्या गेनिटिव्हमध्ये (चा-ची-चेची विभक्ती) डेर आणि दासच्या नामांपुढे -एस न येता -एन येतो. नामालाच 'स' लागलेला असतो, म्हणून, असं मी सांगतो. पण 'डेस मानेस'मध्ये खूण दोनदा येतेच की! तेव्हा हे उत्तर मलाही पुरतं पटत नाही.

मराठीचा उपयोग मात्र खरा आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. पण चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलांना. प्रत्यय लागला की विशेषण सगळीकडे एकच. आर्टिकलनंतरच्या डाटिव्हमध्ये ('ला'ची विभक्ती, 'मिट'नंतरही हीच) -एन हेच करतो. म्हणूनच 'मिट डेर आल्टेन फ्राउ' (त्या म्हाताऱ्या बाईबरोबर) ऐकून पुल्लिंग समजू नका. डेरपुढे -ए आला तर पुल्लिंगी नॉमिनाटिव्ह. -एन आला तर स्त्रीलिंगी डाटिव्ह किंवा गेनिटिव्ह, नाहीतर अनेकवचनी गेनिटिव्ह.

म्हणून नाम 'डेर टिश' असं एकटं पाठ करू नका. आइन आल्टर टिश (टेबल), आइने आल्टे ट्यूर (दार), आइन आल्टेस बुख (पुस्तक) असं म्हणा, आणि लगेच प्रत्येकाआधी 'मिट' लावून पाहा: मिट आइनेम आल्टेन टिश, मिट आइनर आल्टेन ट्यूर.