लोनोची प्रदक्षिणा

हवाई बेटावरचे कोनाचे कॉफीचे मळे मागे टाकत आम्ही नापोओपोओला उतरलो तेव्हा भर दुपार होती. देऊळ म्हटल्यावर सवयीने चपला काढल्या आणि दोन पावलांत परत घातल्या. काळा लाव्हा नुसता तापला होता.

हिकिआउ हेइआउ हे ते देऊळ, म्हणजे दगड रचून केलेला उंच चौथरा. वर चढायला बंदी. 1779 च्या जानेवारीत इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक इथे आला, तेव्हा मकाहिकी, म्हणजे लोनो या देवाचं पर्व, चालू होती. खाडीपलीकडे त्याचं पांढरं स्मारक दिसतं, फोटो सगळे त्याचेच काढतात. मी आलो होतो मकाहिकीसाठी.

संध्याकाळी कृत्तिका उगवू लागल्या की हे पर्व लागायचं. सुमारे 4 महिने लढाई बंद. लोनो देवाची उंच काठी निघायची, आडव्या दांडीला सालीचं पांढरं कापड, म्हणजे ‘कापा’, लटकवलेलं. मला जोतिबाची सासनकाठीच आठवली. जमीन उजव्या हाताला ठेवत ती अख्ख्या बेटाला फिरायची. ही तर प्रदक्षिणाच! फक्त इथे देव फिरतो आणि जाईल तिथे वसुली करतो.

डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या जमिनीच्या पट्ट्याला अहुपुआआ म्हणतात. ‘अहु’ म्हणजे दगडांचा ढीग, ‘पुआआ’ म्हणजे डुक्कर. हद्दीवरच्या ढिगावर डुकराची लाकडी प्रतिमा असे आणि तिथेच माल मांडायचा: डुकरं, कुत्री, सुके मासे, कापा, पिसं. गोळा करायची जबाबदारी कोनोहिकीची, म्हणजे पट्ट्याच्या कारभाऱ्याची. कमी पडलं तर तो पट्टा लुटला जाई.

मग वाटप. ‘राजा घेई आणि सगळ्यांना परत देई’ असं गोड वर्णन मी वाचलं होतं. पण याच कोना किनाऱ्यावर जन्मलेल्या डेव्हिड मालो या हवाईयन इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वाटे देवांचे, पुजाऱ्यांचे, राणीचे, मर्जीतल्यांचे, सरदारांचे, शिपायांचे. रयतेला त्यातलं काही नाही. तरी राजाची कोठारं भरलेली हवीत, असंही तोच सांगतो. फडताळात खाऊ आहे असं वाटतं तोवर उंदीर ते सोडत नाही, तशी प्रजा राजाला सोडत नाही. खाऊ मिळतोच असं नाही, वाटलं तरी पुरे. पिसं तर खाताही येत नाहीत. हवाईचा राजा कामेहामेहा याच्या पिवळ्या झग्यात ती लाखांनी आहेत.

पर्वाच्या शेवटी मोठ्या छिद्रांच्या जाळ्यात तऱ्हेतऱ्हेचं अन्न भरून चौघे ते हलवत. खाली सांडलं तर सुकाळ, अडकलं तर दुष्काळ.

हे सांगितल्यावर बायको पाण्याची बाटली उघडत म्हणाली, “म्हणजे छिद्रं मोठी ठेवायची, एवढंच ना?”