रिमोटला चापट

दुपारी साडेतीनच्या सुमारास टीव्हीचा रिमोट अचानक ढिम्म होतो. बटण दाबलं, काही नाही. हात लांब करून दाबलं, मनगट झटकून दाबलं, जणू किरण हातानेच फेकायचे असतात. तरी काही नाही. मग व्हायचं तेच होतं. रिमोट उलटा होतो आणि त्याच्या पाठीत दोन चापट्या बसतात. तेवढ्यावर भागलं नाही, तर झाकण सरकवून सेल अंगठ्याने जागच्या जागी गरगर फिरवले जातात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं, पण येतं सगळ्यांना.

हे फिरवणं अगदीच अडाणीपणाचं नाही. सेलच्या टोकांवर आणि रिमोटच्या स्प्रिंगवर हवेने एक बारीक थर धरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला अडवतो. सेल फिरवला की तो थर खरवडला जातो. शिवाय सेल क्षणभर सुटला की आतली अडकलेली चिप नव्याने सुरू होऊ शकते. मात्र तेच हवं असेल तर नीट करावं: दोन्ही सेल काढायचे, कुठलंही एक बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज संपते, आणि मग सेल परत घालायचे.

चापटीचीही थोडी बाजू घेता येईल. रिमोट आयुष्यात पडतोच, आणि पडून पडून आतला एखादा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटतो, नाहीतर जुन्या रिमोटांत असतो तो ४५५ किलोहर्ट्‌झचा छोटा, ठिसूळ रेझोनेटर, म्हणजे चिपला ताल देणारा तुकडा, तडकतो. चापटीने तुटलेली टोकं घटकाभर एकमेकांना टेकतात. पण चापटीने एकदा सुरू झालेल्या रिमोटला पुढे चापटीचीच सवय लागते. डाग पुन्हा लावून घेतला तर पाच मिनिटांचं काम आहे.

सेल उन्हात ठेवण्याचे दिवस आठवत असतील, तर खिडकीच्या कठड्यावर ओळीने झोपलेले ते जाडे सेलही आठवतील. टॉर्चने नाकारलेले, रेडिओने टाकून दिलेले. संध्याकाळी ते गरम-गरम उचलून रेडिओत घालायचे आणि अर्धा तास आवाज यायचा. यात जादू नव्हती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा जोरात चालते, आणि नुसत्या विश्रांतीनेही थकलेल्या झिंक-कार्बन सेलचा विद्युतदाब थोडा वर येतो. काही जण सेल दाढेखाली धरून चावायचे. आतला मसाला दाबला जाऊन कार्बनच्या कांडीला नीट भिडतो, म्हणून तोही प्रयोग कधीकधी यशस्वी व्हायचा. आता कुणी करू नये, गळणाऱ्या सेलची चव घेण्यासारखी नसते.

आजकालचा प्रयोग म्हणजे सेल टेबलावर उभा आपटून पाहणे. उसळला तर संपला, धप्पकन बसला तर भरलेला. अल्कलाइन सेलमध्ये वापरागणिक जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं आणि सेल उसळायला लागतो, इथवर खरं. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे नीट मोजून पाहिलं, तेव्हा सेल साधारण अर्धा संपला की उसळी पुढे वाढतच नाही असं दिसलं. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढंच कळतं. पाव उरलाय की काहीच उरलं नाही, ते टेबलाला माहीत नसतं.

मल्टिमीटरही इथे सहज फसवतो. मोकळ्या सेलवर तो १.४ व्होल्ट दाखवतो आणि आपण समाधानाने मान डोलावतो. रिमोटच्या टोकाचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा दिवा मात्र एकेका ठोक्याला शंभर मिलिअँपियर किंवा त्याहून जास्त ओढतो, आणि थकलेला सेल त्या ओझ्याखाली बसतो. एसीच्या रिमोटवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. त्याच्या पडद्यावर २४ आकडा झकास दिसतो, कारण पडद्याला वीज नावापुरतीच लागते. आकडा दिसतो म्हणजे सेल चांगले, हा निष्कर्ष चुकीचा.

खरी परीक्षा खिशात असते. मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा सुरू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट बोलतोय. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचा. ठिपका मंद असेल तर सेल बदला. एकही बटण न दाबता लुकलुकत असेल, तर कुठलं तरी बटण आत रुतून बसलंय. अशा रिमोटची बाकीची बटणंही चालत नाहीत आणि नवे सेल चार दिवसांत झोपतात. ब्लूटूथ रिमोटला मात्र ही परीक्षा लावू नये. त्यांची बरीच बटणं प्रकाश सोडतच नाहीत, तिथे पुन्हा जोडणी करून पाहायची.

आणि ठिपका लख्ख दिसला तर? तर इतका वेळ मार खाणारा निर्दोष असतो. दोष टीव्हीकडे. टीव्हीच्या खालच्या कडेला जो काळपट डोळा असतो, त्याच्यासमोर साउंडबार उभा असतो, नाहीतर त्यावर धूळ असते, नाहीतर, आणि दुपारी साडेतीनला हेच, खिडकीतून तिरपं ऊन थेट त्यावर पडलेलं असतं. रिमोटचा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि डोळा नेमकी तेवढीच लुकलुक शोधत असतो. पण उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की डोळा दिपून जातो. मग ढग येतो, रिमोट चालू होतो आणि श्रेय चापटीला मिळतं. पडदा ओढला असता तरी काम झालं असतं.

उन्हाचं आणि रिमोटचं हे वैर तसं जुनं आहे. १९५५ मध्ये झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बिनतारी रिमोट आणला, ‘फ्लॅश-मॅटिक’. पिस्तुलासारखा टॉर्च, पडद्याच्या चार कोपऱ्यांवर प्रकाश टाकला की टीव्ही ऐकायचा. अडचण एकच, ऊन पडलं की टीव्ही उन्हाचंही ऐकायचा आणि आपोआप चॅनेल बदलायचे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी उपाय काढला तो आवाजाचा. बटण दाबलं की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. त्या रिमोटला सेलच नव्हता! किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदले म्हणतात, पण सेल फिरवण्याची कटकट नव्हती.

आपल्याला सेल आहेत, तेव्हा घेताना अंगावरची बारीक अक्षरं वाचावीत. ‘आर०३’ म्हणजे झिंक-कार्बन, ‘एलआर०३’ म्हणजे अल्कलाइन. पुढचा तो ‘एल’ साधारण दुप्पट टिकतो. दोन्ही सेल एकदम आणि एकाच जातीचे बदलावेत. एक नवा, एक जुना घातला की जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना गळतो. अल्कलाइन गळून पांढरी भुकटी जमली तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एक थेंब. झिंक-कार्बनचा चिकट द्रव असेल तर ओलसर खायचा सोडा. मग अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. हातमोजे घालून.

फक्त आवाजाचं किंवा चालू-बंदचं बटण रुसलं असेल, तर सेलचा संबंध नाही. रिमोट उकलून रबराची चादर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि आतल्या सर्किटच्या पाटीवरचे काळे ठिपके अल्कोहोलने हलकेच पुसावेत. खोडरबराने घासू नयेत, तो काळा थर कार्बनचाच असतो. घासला की संपलं.

रिमोटमधून निघालेले सेल टाकवत नाहीत, हा आणखी एक रोग. भिंतीवरच्या घड्याळाला चालतील म्हणून ते खणात जातात. चालतातही, रिमोटला न पुरणाऱ्या सेलवर घड्याळ कित्येक महिने काढतं, कारण ते थेंबाथेंबाने पितं. संपलेला सेल पूर्ण संपलेला नसतोच.

हेच वाक्य नाण्यासारख्या चपट्या सेलला लावलं की हसू मावळतं. छोट्या, पातळ रिमोटांत तीन व्होल्टचा सीआर२०२५ किंवा सीआर२०३२ असतो. २० मिलिमीटर रुंद, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल नेमका एवढा. तिथे लाळेतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. रिमोटने ‘संपला’ म्हणून बाहेर काढलेल्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. असा सेल काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी आणि तो खणात ठेवू नये. झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर आजच बसवावा. आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठून एक्स-रे काढायचा.